घाट तापवणारी गाडी

“चाकं फिरवायला थोडंच लागतं म्हणतोस, मग बाकीचं पेट्रोल जातं तरी कुठे?” भिकाजीकाकांनी विचारलं.

घाट चढून दोन्ही गाड्या नुकत्याच मठाच्या अंगणात येऊन थांबल्या होत्या. एक काकांची, जुनी, पेट्रोलची. दुसरी एका भक्ताने मठाला दिलेली, विजेवरची. ती शार्दूलने चालवत आणली होती. तो इंजिनियर, मठाच्या गुरू गोदामायचा लाडका शिष्य.

आजाऱ्यांना खालच्या दवाखान्यात नेण्याची, आजवर काका करत आलेली सेवा यापुढे कोणाकडे द्यायची, ते माय आज ठरवणार होती.

“दाखवतो ना कुठे जातं ते,” शार्दूल हसला. त्याने काकांच्या गाडीचं बोनेट उघडलं.

मायने नव्या गाडीवर तळवा ठेवला. कोमट.

मग तांब्यात बोटं बुडवून तिने काकांच्या इंजिनावर पाणी शिंपडलं.

चर्र झालं.

“तिथे जातं,” शार्दूल म्हणाला. “जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकी नुसती उष्णता आणि धूर. माझ्या गाडीत बॅटरीतली बहुतेक वीज चाकालाच लागते.”

काका पायरीवर बसले.

“म्हणजे… इतकी वर्षं मी घाटच तापवत होतो?”

“दुसरं काय!”

काकांनी नव्या गाडीकडे बोट केलं.

“पण बाळा, वीजसुद्धा कोळसा जाळूनच करतात ना? तिथे नाही का वाया जात?”

“जाते! तरी तुमच्या खटाऱ्यापेक्षा बरं!” शार्दूलचा आवाज चढला. “यांना किती समजवायचं, माय? यांना काही कळत नाही. सेवा मला द्या!”

अंगणातली माणसं वळून बघू लागली.

काका उठले. आपल्या गाडीची किल्ली त्यांनी मायच्या पायाशी ठेवली.

“बरोबर बोलतोय तो. आजारी माणूस नव्या गाडीतूनच जाऊ दे.”

…

मायने शार्दूलपुढे हात पसरला. त्याने नव्या गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली, आशीर्वादासाठी वाकला.

तिने ती किल्ली काकांना दिली.

शार्दूल वाकलेला तसाच राहिला.

“माय… मी जिंकलो ना? सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं ना मी?”

मायने त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. आणि चटका बसावा तसा झटकन मागे घेतला.

“भिकाजी,” ती म्हणाली, “नवी गाडी तूच ने. हा अजून पेट्रोलवर चालतोय.”