ण आला की म

एका राज्यात दिव्यांना तेल लागत नसे, वात लागत नसे आणि चुलीला लाकूडही लागत नसे. मनोऱ्यावर तेजोमणी होता. ठरलेला श्लोक म्हणून हाक मारावी, की तो हवेतूनच तेज धाडी. राजा सुमेधाचा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला होता, ओंजळीत मावेल एवढा. तो याच तेजाच्या उबेवर पाळण्यात जगत होता. श्लोक म्हणायचे काम त्याच्या आत्याचे, राजभगिनी चित्रांगीचे.

पण मणी शापित होता. ज्या यक्षिणीकडून तो आणला, तिला निघताना कोणी साधा नमस्कार केला नाही. ती म्हणाली, "न्या. पण याला आपला-परका कळणार नाही."

डोंगरापलीकडच्या विकटदंत मांत्रिकाने हेच हेरले. त्याची मैना खिडकीत बसून श्लोक पाठ करून गेली आणि तेज तिकडे वाहू लागले. इकडे पाळणा गार पडला. बाळाची नखे निळसर झाली.

राजाने मनोऱ्याभोवती भिंत बांधली. तेजाला भिंतीचे काय? अडला तो फक्त वारा. मग त्याने रोज नवा श्लोक ठरवला आणि तो दवंडी पिटून सांगितला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मैना रोज हजर.

तिसऱ्या खेपेला चित्रांगी स्वतः मनोरा चढली. मैना दाणे टिपायला गेली होती.

"मणिराज, पाठांतराला भुलू नका. भेंड्या खेळा. तुम्ही ओळ म्हणा; तिच्या शेवटच्या अक्षरावरून जो नवी रचील, तेज त्याला."

"भेंड्या मांत्रिकालाही येतील," मणी म्हणाला.

"येऊ देत. ण आला की सारे जग न धरते. आमच्या घरी म धरतात. लहानपणी मी हटून बसले, दादाने ऐकले, तेव्हापासून."

संध्याकाळी मणी म्हणाला, "उंच उंच डोंगर, पोटी सोन्याची खाण."

मैनेने तेच परत म्हटले. तेज आले नाही. ती किंचाळत उडाली, तेव्हा उरल्यासुरल्या तेजावर लाकडी पाट उडवीत खुद्द मांत्रिक आला.

"ण ना? मग न! नदीकाठी नागोबा डोलतो किती छान!"

"नाही," मणी म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा तो नाही म्हणाला आणि तिथेच शाप तुटला. पाट हत्तींच्या तळ्यात कोसळला. शिपायांनी मांत्रिकाला शेंडी धरून बाहेर काढले.

चित्रांगी पाळण्याशी वाकली. ती म्हणाली, "माझ्या राजा, ऊठ आता, धर आत्याचे बोट."

तेज आले. नखे गुलाबी झाली.

पुढे घरोघरी आपापला नियम ठरला. तो फक्त घरच्यांना ठाऊक आणि मण्याला. फुटलाच तर बदलायचा. दवंडीवाल्याला मात्र दुसरे काम दिले.

बाळ भरले, बाळसे धरू लागले. एका सकाळी वैद्य म्हणाले, "आता पाळण्याची ऊब नको. आईची पुरे." राणीने त्याला पहिल्यांदाच उचलून छातीशी धरले. ते असे भोकाड पसरून रडले की चित्रांगीही सगळ्यांदेखत रडू लागली.

त्यांच्या घरचे बाळ उबेत राहिले, तसे तुमच्याही घरचे राहो.