रेवणशेठची हाळी

एकदा एका पेठेत एक वृद्ध व्यापारी उतरत्या उन्हात कापडी पिशवी घेऊन चालत आले, आणि ज्या ज्या दुकानावरून ते गेले त्या त्या दुकानदाराने त्यांच्याकडे पाठ फिरवली. पेठेत त्यांना सगळे आप्पा म्हणत. निम्मे दुकानदार तराजू धरायला त्यांच्याच हाताखाली शिकले होते. वय झाल्यावर आप्पांनी आपलं दुकान आवरलं. आता ते मठाच्या ओसरीवर बसत आणि कोणी विचारलं तर चार शब्द सांगत. अशा माणसाकडे पाठ फिरवावी याला कारणही तसंच घडलं होतं. त्या पिशवीतला माल परक्या दुकानातला होता.

ते दुकान नुकतंच उघडलेलं. समुद्रापलीकडच्या एका कंपनीने बऱ्याच देशांत अशी स्वस्त किराण्याची दुकानं थाटली होती, आणि आता तिची नजर आपल्या मुलखाकडे वळली होती. मोठ्या शहरांत बस्तान बसल्यावर ती तालुक्याच्या गावांकडे निघाली. या गावात तिने बंद पडलेल्या सिनेमा थिएटरची जागा घेतली. आत डामडौल असा काही नव्हताच. मालाची खोकी वरून फाडून तशीच मांडलेली, मीठ एकाच कंपनीचं, तांदूळ दोनच प्रकारचे, नोकर तर शोधावे लागतील इतके थोडे. ज्याने त्याने ट्रॉली ढकलायची, हवं ते उचलायचं आणि दाराशी पैसे चुकते करायचे. खर्च आटोपशीर, त्यामुळे भावही उतरलेले.

पेठेची गाळण उडाली. अशा वेळी माणसाने खरं तर डोळे उघडावेत. पेठ मात्र देवळात गेली. खंडोबासमोर सगळ्या दुकानदारांनी भंडारा उचलला, की त्या दुकानाची पायरी आम्ही चढणार नाही आणि आमच्या घरचंही कोणी चढणार नाही. भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द त्या भागात सहसा कोणी मोडत नाही. आप्पाही त्या वेळी हजर होते. भंडाऱ्याची थाळी समोर आली तेव्हा त्यांनी देवाला मनोभावे हात जोडले, पण भंडारा उचलला नाही. आणि दुकान उघडलं त्याच दिवशी ते सकाळी आत गेले, दिवस कलेपर्यंत आतच राहिले, आणि मागच्या बोळाने घरी जाता येत असताना मुद्दाम भर पेठेतून आले. मग ते रोजचंच झालं.

हे सगळ्यांत जिव्हारी लागलं ते रेवणशेठला. तो आप्पांचा लाडका शिष्य. वडील गेले तेव्हा आप्पांनीच त्याला हाताला धरून गल्ल्यावर बसवलं होतं. त्याचं दुकान ऐन चौकात होतं, आणि पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं ते त्याच्या हाळीसाठी. गिऱ्हाइकाने काय हवं ते सांगितलं की रेवणशेठ उठून मागच्या कोठीकडे तोंड करी आणि खड्या, सुरेल आवाजात, गिऱ्हाइकाच्या नावासकट, ते नोकरांना सांगे. “पाटीलअण्णांच्या घरचं लग्न! साखर दोन पोती, तूप चार डबे, वेलदोडे मोठे बघून द्या!” चौकातली माणसं थांबून ऐकत. पाटीलअण्णा मिशीवर हात फिरवत. ही पद्धत रेवणशेठच्या वडिलांनी पाडलेली, आणि त्या हाळीशिवाय दुकान अशी कल्पनाही त्याला करवत नव्हती.

पण आता हाळी द्यायला गिऱ्हाईक कुठे होतं? रेवणशेठ हातपाय गाळणाऱ्यांतला नव्हता. त्याने साखर आणि तेल खरेदीच्याही खाली आणलं, परक्या दुकानापेक्षा स्वस्त केलं, आणि तसा ठळक बोर्ड दारावर लावला. लोक बोर्ड वाचत आणि थिएटरच्या दिशेने चालू लागत. हे कोडं त्याला काही केल्या उलगडेना. दिवाळीपर्यंत दुकान सावरलं नाही तर कुलूप लावावं लागेल, हे त्याने बायकोलाही सांगून टाकलं होतं. तो असा जिवाच्या करारावर झुंजत असताना त्याचे गुरू रोज त्या दुकानाचे उंबरे झिजवत होते. त्यात व्यापारी संघाचे अध्यक्ष त्याला म्हणाले, “रेवणशेठ, तुमच्या आप्पांना आवरा. नाहीतर तुम्हीही त्यांच्यातलेच, असं आम्ही धरून चालू.”

रेवणशेठ तडक मठात गेला. आप्पा नुकतेच येऊन ओसरीवर टेकले होते.

“आप्पा, मी तुम्हाला काही कमी केलं का? एक निरोप धाडला असता तर सगळं सामान घरपोच आलं असतं. भर पेठेतून माझं नाक कापत का फिरता?”

आप्पांनी पिशवी पुढे सरकवली. “मी काय आणलंय, ते तरी बघ.”

रेवणशेठ कचरला. मग त्याने मनाशी म्हटलं, पायरी न चढायची शपथ आहे, पिशवीत डोकावायची नाही. आत चहाची एक लहान पुडी होती आणि अंगाचा एक साबण.

“एवढ्यासाठी दिवसभर आत होतात?”

“हो. तेलाची मोठी बाटली उचलली, परत ठेवली. लहान उचलली, तीही ठेवली. चार फेऱ्या मारल्या. शेवटी हे एवढंच घेतलं. मला कोणी काही विचारलं नाही. वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.”

“त्यांना माणसाचं सोयरसुतक नाही, आप्पा. आपल्याकडे आलेल्या माणसाची आपण नावानिशी चौकशी करतो.”

आप्पा थोडे हसले, आणि मग त्यांचा आवाज गंभीर झाला.

“त्याच चौकशीबद्दल सांगतो, रेवण्णा. तुझं तेल त्यांच्यापेक्षा स्वस्त आहे हे गावाला कळतं. तरी आपल्या पेठेतली एक बाई मला तिथे वरचेवर दिसते. तिचं नाव मी तुला सांगणार नाही. ती दोन बाटल्या हातात धरून बराच वेळ उभी राहते. घरात खाणारी तोंडं किती, महिन्याचे दिवस किती उरलेत, सगळं तिच्या कपाळावर वाचता येतं. मग ती लहान बाटली घेते आणि ताठ मानेने बाहेर पडते. तेच तेल तिने तुझ्याकडे मागितलं तर तू काय करशील? अमकीचं पाव किलो तेल, म्हणून चौकाला ऐकवशील. ज्याच्या घरी लग्न आहे त्याला तुझी हाळी गोड लागते. जिच्या घरी ओढाताण आहे, तिच्या गरिबीची तू दवंडी पिटतोस. म्हणून ती जास्तीचे पैसे मोजून तिथे जाते. नोकर कमी ठेवले ते त्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी. त्यात हिची अब्रू झाकली गेली, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. पण झाकली गेली, हे खरं. तू त्यांचे भाव पाहिलेस, तुझं गिऱ्हाईक मात्र पाहायचं राहून गेलं.”

रेवणशेठचा चेहरा लाल झाला. “ती हाळी माझ्या वडिलांची आहे, आप्पा. ती सोडायची तर दुकानच बंद केलेलं काय वाईट?”

“माझ्या बोलण्यावर काहीच सोडू नकोस. जा, आणि स्वतः बघून ये.”

“मी भंडारा उचललाय.”

“कशासाठी उचललास? पेठ जगावी म्हणूनच ना? मग ज्याच्यासमोर उचललास त्याच्यासमोर उभा राहा, त्याला सगळं सांग, आणि मग जा. लपतछपत मात्र जाऊ नकोस.”

रेवणशेठ उठला. घरी त्याला अन्न गोड लागलं नाही. वडिलांच्या तसबिरीसमोर तो बराच वेळ बसून राहिला. आप्पा चुकत असतील तर ते डोळ्यांनी पाहून त्यांना तोंडावर सांगायचं, आणि चुकत नसतील तर तेही पाहायचं, असं त्याने ठरवलं. सकाळी त्याने अंघोळ केली, देवळात गेला, खंडोबापुढे डोकं टेकवलं. “देवा, शब्द मोडतोय. शिक्षा काय द्यायची ती मला दे, दुकानाला देऊ नकोस,” असं तो स्पष्ट म्हणाला. मग सगळ्या पेठेच्या देखत तो थिएटरच्या पायऱ्या चढला. मागून कोणीतरी त्याला फितूर म्हणालं. तो थांबला नाही.

आत गारवा होता आणि माणसांच्या मानाने फारच शांतता होती. रेवणशेठ खोक्यांच्या रांगांमधून हिंडू लागला. व्यापाऱ्याची नजर आधी मालावर गेली. डाळ बरी होती, रवा त्याच्याकडच्यापेक्षा जाडसर होता. एका वळणावर त्याला शेवंताक्का दिसली. शिलाई मशीन चालवून दोन पोरी शिकवणारी ही बाई त्याच्या वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, आणि परकं दुकान उघडल्यापासून ती त्याच्याकडे फिरकली नव्हती. ओळखीचं माणूस पाहून रेवणशेठला खरोखरच आनंद झाला. अंगवळणी पडल्याप्रमाणे त्याने श्वास भरला आणि तिला तिच्या नावाने हाक मारायला तोंड उघडलं.

शेवंताक्काने चटकन पदर ट्रॉलीवर ओढला.

“शेठ,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “हितं तरी नगा.”

रेवणशेठचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर काकुळती होती. इतकी वर्षं तो तिला माल देत आला होता, आणि हा चेहरा त्याने एकदाही पाहिला नव्हता. पाहणार तरी कसा? हाळी देताना त्याचं तोंड कोठीकडे असे, आणि गिऱ्हाइकाकडे त्याची पाठ असे. त्या पाठीमागे किती जणींनी असा पदर ओढला असेल, किती माना खाली गेल्या असतील, हे त्याला त्या एका क्षणात कळलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने तिला हात जोडले आणि तो वळला. ट्रॉलीत काय आहे ते त्याने पाहिलं नाही.

त्याच दिवशी सुतार बोलावून त्याने दुकानाच्या पुढची आडवी फळी काढून टाकली. कोठीतली पोती आणि डबे पुढे आणले, शेजारी मापं ठेवली. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावं आणि तराजूवर आणून ठेवावं. रेवणशेठ वजन करी, पैसे घेई, आणि किती घेतलं याबद्दल चकार शब्द काढत नसे. तोट्यातले भाव त्याने परत होते तिथे नेले. पाटीलअण्णा रुसले, म्हणाले, आता तुझ्याकडे लग्नाचा माल घेण्यात मजा काय? त्याने शपथ मोडली म्हणून व्यापारी संघाने यादीतून त्याचं नाव कमी केलं. त्याने ते मुकाट्याने सोसलं, कारण शपथ मोडली होती हे खरंच होतं.

परकं दुकान चाललं, आजही चालतं. त्याच्याकडे गेलेली सगळीच माणसं काही परतली नाहीत. पण हळूहळू बायका येऊ लागल्या, आधी कडेकडेने, मग मोकळेपणाने, आणि दिवाळीच्या तोंडावर रेवणशेठच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत शेवंताक्काही आली. तिने स्वतःच्या हाताने मापभर तेल भरलं आणि समोर ठेवलं. रेवणशेठने ते तोललं. “पोरी काय म्हणतात?” एवढंच त्याने विचारलं, तेही तिला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात. ती हसली आणि धाकटीच्या परीक्षेबद्दल बराच वेळ बोलत राहिली.

आपलं माणूस दुसऱ्या दारी का गेलं असा प्रश्न पडेल, तेव्हा त्या दाराला नावं ठेवण्याआधी, ते माणूस आपल्यासमोर उभं होतं तेव्हा आपलं तोंड कुठे होतं, हे एकदा आठवून पाहावं.