एकोणतीस सत्ते

छडीला हात न लावणाऱ्या त्र्यंबक गुरुजींना शाळेतून काढा, म्हणून राजपंडित विरूपाक्षशास्त्री दरबारात तावातावाने बोलत होते. "छडीशिवाय पाढे डोक्यात शिरत नाहीत, महाराज!"

गुरुजींची नऊ वर्षांची विद्यार्थिनी सगुणी पुढे झाली. महाराजांच्या परवानगीने तिने शास्त्रीबुवांचीच छडी घेतली, त्यांना हात पुढे करायला लावला आणि छडी उगारून विचारलं, "एकोणतीस सत्ते?"

शास्त्रीबुवांची नजर छडीवरून हलेना. "एकशे... छे, दोनशे... अगं, थांब जरा!"

दरबार खो खो हसला. सगुणीने छडी खाली ठेवली, त्यांना पाणी दिलं. "घाबरू नका, बुवा. तीस सत्ते दोनशे दहा. त्यातून सात काढा."

"दोनशे तीन!" शास्त्रीबुवा आनंदाने ओरडले.

"शाब्बास!" सगुणी म्हणाली. "आमचे गुरुजी अस्संच शिकवतात."