जात्याचे दात

घरातल्या वस्तू आपापसांत बोलत असत, त्या काळी सगुणाबाईंकडे एक म्हातारे जाते होते. त्याचे दात झिजले आणि पीठ जाडेभरडे पडू लागले, तेव्हा सगुणाबाईंनी त्याला कोपऱ्यात बसवले.

एके सकाळी दारावर टाकारी आला, टाकीने म्हणजे छिन्नीने ठोकून जात्या-पाट्यांना नवे दात पाडून देणारा. सगुणाबाई त्याला म्हणाल्या, "पाट्याला टाकी लाव. जात्याला राहू दे, त्याचे वय झाले. लेकीच्या लग्नात त्याची पूजा तेवढी करू."

पाटा हळूच म्हणाला, "भाग्यवान आहात, आजोबा! हळदकुंकू लावून घ्यायचे आणि स्वस्थ बसायचे."

"स्वस्थ?" जाते कडाडले. "जे दळणाला लायक नाही, ते पूजेला लायक कसे? मला रोजचे फेरे हवेत, रोजचे दळण हवे. मला माळ नको, टाकी हवी!"

पाटा हसला. "या वयात नवे दात? हौस दांडगी आहे!"

लग्नाआधी सुवासिनींनी जात्याला माळ घातली आणि शकुनाची हळद दळायला घेतली. जात्याने जीव तोडून फेरे घेतले, तरी हळकुंडाचे तुकडे जसेच्या तसे बाहेर पडले. सुवासिनी एकमेकींकडे पाहू लागल्या. सगुणाबाई ओशाळल्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी माळ उतरवली आणि टाकाऱ्याला बोलावणे धाडले.

टाकीचे घाव बसू लागले, तशा कपच्या उडाल्या. पाट्याने भीतभीत विचारले, "आजोबा, दुखते का हो?"

"दुखते तर! पण उजव्या कडेचे दात अजून उथळ आहेत. तो टाकारी उठायच्या आत त्याला कोणीतरी सांगा."