आबाची अडलेली पावलं

निळ्या डोंगराच्या कुशीत बांबूचं एक हिरवंगार बन होतं. बनाच्या कडेला कुडाच्या झोपडीत हौसा राहायची. वय नऊ वर्षं. आई तापाने गेलेली. उरला होता फक्त तिचा बाप रावजी. हौसा त्याला आबा म्हणायची.

आबा बांबूच्या टोपल्या विणायचा. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची करंगळी थरथरू लागली. मग सगळा हात. मग चालणंच बदललं. पावलं इवली इवली, घासत पडू लागली. दाराशी आला की पाय जमिनीला चिकटूनच बसत. अंग पुढे जाई, पाय मागे राहत, आणि आबा धाडकन पडे.

वैद्यबुवा म्हणाले, "हा कंपवात. औषधाने थोडा आराम पडेल. पण हा पाहुणा आता जायचा नाही."

गावातली पोरं आबासारखी थरथरत चालून दाखवत आणि खिदळत. कुणी म्हणे, प्यायला असेल. आबाने गावात जाणंच सोडलं.

एके सकाळी आबाची थोरली बहीण, बायजाआत्या आली. आबाच्या कपाळावरची ताजी खोक बघून ती मटकन खाली बसली.

"रावजी, असं किती दिवस चालायचं रे? मी पंचांच्या कानावर घातलंय. तू देवळाच्या धर्मशाळेत राहा. हौसा जाईल मामाकडे, डोंगरापलीकडे. परवा दुपारी पारावर ये आणि तुझं काय ते सांग. आला नाहीस, तर ठरलं म्हणून समज."

आताशा आबाचा चेहराही हलत नसे. नुसतं डोळ्यांतून पाणी आलं.

हौसा घागर घेऊन झऱ्यावर गेली. पाणी आणायचं होतं, आणि रडायचंही होतं.

तिथे शेवाळलेल्या दगडावर एक पिटुकली परी उभी होती. हातभर नव्हे, बोटभर! अंगात जाईच्या पाकळ्यांचा झगा, पाठीवर मोरपंखी पंख. पण एक पंख फाटला होता. झरा ओलांडायला ती पाऊल टाकी आणि घसरे.

हौसाने तिला उचललं नाही, ओढलं नाही. शेजारी गुडघे टेकले आणि आपलं बोट तिच्याजवळ धरलं.

"घाई नाही गं. तुला हवं तेव्हा धर."

एकेक दगड करत परी पलीकडे पोचली. कोवळ्या उन्हात तिचा पंख चमचमत सांधला गेला.

"मघाशी खेकड्याने मला ओढलं, बेडकाने ढकललं," परी म्हणाली. "तू मात्र थांबलीस. हे कुठे शिकलीस?"

"आबाकडून. ओढलं की तो पडतो."

परी तिच्या तळहातावर चढली. "एक मागणं माग, बाळ. पण नियम ऐक. दुखणं मला नाहीसं करता येत नाही. एकाचं काढलं की दुसऱ्याला द्यावं लागतं. आणि ज्याचं आहे, त्याने हो म्हणावं लागतं."

"मग आबाचं मला दे!"

"त्याला विचारून ये."

हौसा धावत घरी गेली. आबाचा आवाज हल्ली कुजबुजीएवढाच उरला होता. पण तिचं ऐकून तो ओरडला, "नाही! तू खाली बसलेली असताना धड पाय घेऊन मी कुठे जाऊ?"

मग तो लहान मुलासारखा रडला. हौसा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ती झऱ्यावर परतली तेव्हा परी तिथेच होती.

"दुखणं राहू दे," हौसा म्हणाली. "ते घेऊन चालायचं कसं, एवढं आम्हाला शिकव."

"शिकवीन. पण मावळतीपर्यंतच."

परी भुर्रकन झोपडीपाशी उडाली. तिने पंखाच्या टोकाने जमिनीला स्पर्श केला आणि दारापासून अंगणापर्यंत उजेडाच्या आडव्या रेघा उमटल्या. केशरी, गुलाबी, पोपटी. एकेका पावलाच्या अंतरावर एकेक.

"आबा, रेघ ओलांड!" हौसा ओरडली.

आबाने केशरी रेघेकडे पाहिलं. चिकटलेला पाय उचलला गेला. मग दुसरा. उंबरठा मागे पडला!

"टाच आधी टेका," परी म्हणाली. "पाय अडले तर झटू नका. थांबा, श्वास घ्या, मग मोठं पाऊल टाका."

सूर्य बुडाला आणि रेघा विझल्या. हौसाने त्यांच्या जागी बांबूच्या कामट्या मांडल्या. दुसरा सगळा दिवस आबा त्या ओलांडत राहिला. दोनदा पडला. कोपर सोलवटलं. तरी उठला.

तिसऱ्या दिवशी दोघं पाराकडे निघाली. वाटेत रेघा नव्हत्या, कामट्या नव्हत्या. देवळाजवळच्या अरुंद बोळात आबाचे पाय थिजले. पोरं हसली. आत्या धावत आली आणि तिने त्याचा दंड धरला.

"आत्या, ओढू नकोस! पडेल तो."

हौसाने आपलं अनवाणी पाऊल आबाच्या पायापुढे आडवं ठेवलं.

"आबा, ही बघ रेघ."

बराच वेळ काहीच झालं नाही. आबाच्या कपाळावरून घाम गळत होता. पोरांचं हसू थांबलं. आणि आबाचा पाय उचलला गेला.

हौसाने पुन्हा पाऊल ठेवलं. पुन्हा, पुन्हा. एकदा आबाचा जड पाय तिच्या बोटांवर पडला, अंगठ्याचं नख उचकटलं. तिने ओठ दाबले आणि पाऊल हलवलं नाही.

पारापाशी आबा बोलला, तेव्हा पंचांना वाकून ऐकावं लागलं.

"मी आलोय. माझी पोर माझ्यापाशीच राहील."

सगळ्यात म्हातारे पंच हौसाच्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडे बघत राहिले. "राहू दे," ते म्हणाले. "आणि गावातलं कुणी ना कुणी रोज त्यांच्याकडे जाईल."

"मी जाईन," आत्या म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

परतताना बांबूच्या शेंड्यावर परी झुलत होती. आबाला अंगणात बसवून हौसा तिच्याकडे गेली.

"आबा कधीच बरा होणार नाही?"

"नाही गं चिमणे. पुढे आणखी अवघड होईल."

"तेव्हा तू येशील?"

परीने नाही म्हणून मान हलवली. खाली उतरून तिने हौसाच्या अंगठ्यावर आपला गार तळवा ठेवला, तशी ठणक थांबली. मग तिचे पंख सोनेरी झाले, सगळं बन सोन्याने भरलं, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

आबा पुढे सहा वर्षं चालला. आधी गावापर्यंत, मग झऱ्यापर्यंत, शेवटी शेवटी चुलीपासून दारापर्यंत. पण त्या सहा वर्षांत हौसाला त्याच्यापासून कुणी नेलं नाही.