आवाज गिळणारी पांढरी घटपर्णी

एका राज्यात, दलदलीच्या काठी, एक नगर होते. त्या नगरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आई लेकराला खुणेने जेवायला बोलावी, व्यापारी बोटांवर भाव सांगे. कारण राजा हेमांगदाच्या उद्यानात एक पांढरी घटपर्णी होती आणि ती माणसांचे आवाज गिळत होती.

किडे-माश्या गिळून जगणाऱ्या साऱ्या घटपर्णी तांबड्या शिरांच्या असतात, ही एकच शंखासारखी पांढरी. तिच्या पानांच्या टोकांना सुरया लोंबत आणि प्रत्येक सुरईवर झाकण असे. एका मांत्रिकाने ती राजाला दिली आणि जाताना तो म्हणाला, "ही एकटी आहे तोवर उपाशी आहे." राजाच्या मनात फक्त 'एकटी' हा शब्द राहिला. जे जगात कुणाकडे नाही ते आपल्याकडे आहे, या आनंदात त्याने तिच्याभोवती सोन्याच्या तारांची जाळी उभारली. जाळी इतकी बारीक की माशीही आत शिरू नये. वर आज्ञा काढली, की जो हिला सुरीचे पाते लावील त्याचा हात मनगटापासून उतरवला जाईल.

मग एकेक सुरई उघडू लागली आणि एकेक माणूस मुका होऊ लागला.

राजाचा माळी रायाबा. त्याची लेक वल्लरी बारा वर्षे सात नद्यांपलीकडे वनस्पतिविद्या शिकून परतली. घरोघरी बाग फुलवायची, असे मोठे मनसुबे ती घेऊन आली होती. रायाबाने तिला वेशीवर पाहिले, तोंड उघडले, पण शब्द निघाला नाही. वल्लरी उद्यानात धावली आणि जाळीला टेकलेल्या एका सुरईला तिने कान लावला. आत, खोल विहिरीतून यावा तसा, तिचा बाप तिला नावाने हाक मारत होता.

शेजारी एक नवी सुरई फुगत होती. ज्याचा आवाज जायचा त्याच्या मापाची सुरई धरे. ही अंगठ्याएवढीच होती. नगरात इतके लहान बोलणारे एकच होते, नुकताच 'बाबा' म्हणू लागलेला युवराज.

जाळीवर एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "तीन कामे आहेत. माती बदल. जाळी काढ. तिला काप."

रायाबाने मायेने घातलेले खत, दूध, मासळी, सारे त्या मुळांना जाळत होते. वल्लरी दलदलीत शिरली, कारण जिथे गवतही उगवत नाही अशी पांढरी वाळू मधल्या बेटावरच होती. परतताना मागून हाका आल्या. वळून पाहील तो बुडतो, हे सर्वांना ठाऊक होते.

"वल्लरी, माझा पाय अडकलाय गं," बापाचा आवाज म्हणाला.

ती वळली नाही. आवाज रडू लागला, तरी ती वळली नाही. डोक्यावर वाळूची पाटी घेऊन ती नगरात पोचली तेव्हा तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. रायाबाने जाळीच्या झडपेतून पावसाच्या पाण्याने मुळे धुतली आणि ती वाळूत बसवली. वर्षभराची माया वाहून जाताना त्याचे डोळे भरले.

राजा जाळी काढू देईना. चोर येतील, म्हणाला. इतक्यात अंगठ्याएवढ्या सुरईचे झाकण थरथरले. सज्ज्यात दाईच्या कडेवर युवराज "बा" म्हणाला आणि पुढचे अक्षर त्याच्या ओठांतच विरले. राजाने स्वतःच्या हातांनी जाळी फाडली. दलदलीवरच्या माश्या आत घुसल्या, पहिली माशी काठावरून घसरून सुरईत पडली. झाकण स्थिरावले.

"बाबा," सज्ज्यातून ऐकू आले.

राजा म्हणाला, "माझा मुलगा वाचला. आता कापायचे कशाला?"

वल्लरी म्हणाली, "बाकीच्यांचे आवाज आत आहेत, महाराज. एकटी आहे तोवर ही ते सोडणार नाही, आणि एकटी मेली तर तेही मेले. बियांतून हा रंग उतरत नाही, तांबडीच उगवते. फांदी लावली तरच पांढरी टिकेल."

"लाव पाते. चाळीस दिवसांत फांदी रुजली नाही, तर तुझा हात माझा," राजा म्हणाला.

वल्लरीने कलमे चित्रांतच पाहिली होती. तिने पाते जरा वरच टेकवले. तेव्हा रायाबाचा खरबरीत हात तिच्या हातावर आला, त्याने पाते बोटभर खाली सरकवले, किंचित तिरपे धरले आणि दाबले. आतले सगळे आवाज एकदम किंचाळले. मग इतकी शांतता झाली, की सारे संपले असेच लोकांना वाटले.

जितकी मुकी घरे होती तितके तुकडे केले आणि दारोदार वाळूत लावले. चाळीस दिवस वल्लरीच्या उजव्या मनगटाला, हात कुठून उतरवायचा त्याची खूण म्हणून, लाल दोरा होता. रोज सकाळी राजाचा मारेकरी येई, तिच्या अंगणात बसून कुऱ्हाडीला धार लावी आणि निघून जाई. पाने सुकली. दोन फांद्या कुजल्या. रायाबा वाळूला बोट लावून ओल पाही आणि मान हलवी. तिचे ज्ञान तिला झोप देईना.

चाळिसाव्या दिवशी भर दुपारी रायाबाच्या दारची पहिली सुरई उघडली. पांढरी होती. बातमी कळताच राजाने आनंदाने राजगोठ्यातले उत्तम खत गाडीभर पाठवले. वल्लरी दाराशी उभीच राहिली. मागून एक गंजलेला, ओळखीचा आवाज आला.

"महाराजांना सांग पोरी, खत नको."

वल्लरी या वेळी वळली.

मग घरोघरी सुरया उघडल्या आणि ज्याचा त्याला आवाज परत मिळाला. ज्या दोन फांद्या कुजल्या होत्या त्यांच्या जागी नव्या लावल्या, आणि शेवटची दोन माणसेही बोलू लागली. मारेकऱ्याने लाल दोरा कापला आणि कुऱ्हाड घेऊन सरपणाला गेला. टिटवीने उद्यानातल्या उघड्या वाळूवर अंडी घातली. राजाने जुनी आज्ञा पुसून नवी कोरली, आणि ती त्या नगरात अजून पाळतात. परका पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात, मग चार गोष्टी बोलतात, आणि निघताना त्याच्या हातात एक पांढरी फांदी ठेवतात.