तुळसाबायचं शिसं

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात तुळसा आणि हिराजी ही भावंडं राहत होती. आईबाप लवकर गेले, तेव्हा तुळसानंच धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं. तो तिला बाय म्हणायचा. ती रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पाग टाकायची. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, म्हणून ते तळाशी जातं आणि मासा अडकतो. वर्षानुवर्षं गार पाण्यात उभं राहून तुळसाचे गुडघे पार कामातून गेले होते.

हिराजीकडे एक जुनी क्वाड होती. वाळूत पळणारी, चार जाडजूड चाकांची गाडी. तिच्यावर बसवून तो पाहुण्यांना किनारा दाखवायचा. पण गाडीवाले झाले फार आणि पाहुणे थोडे. देवळासमोरच्या मोक्याच्या जागेवरून रोज भांडणं. शेवटी गावकीनं ठरवलं, ओहोटीच्या कडक वाळूवर सरळ रेषेत शर्यत लावायची. जिंकेल त्याला ती जागा. हिराजीनं मनाशी पक्कं केलं, ही जागा मिळवायची आणि बायला पुन्हा पाण्यात उतरू द्यायचं नाही.

गाडी तशी तगडी होती. खोड एकच. सुटताना एकदम रेस दिली की पुढची दोन्ही चाकं हवेत. चाकं हवेत गेली की गाडी वळेना, आणि ती खाली आणायची तर रेस सोडावी लागे. तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जात.

तुळसा एकदा सराव बघायला आली. शर्यतीच्या दिवशी सकाळी जाड कापडाची एक पिशवी तिनं गाडीच्या पुढच्या जाळीला करकचून बांधली.

"यात शिसं आहे," ती म्हणाली. "तूपण पुढं वाकून बस. मग बघ, गाडी नाक वर करायची नाही."

शर्यत दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी निवड, दुसऱ्या दिवशी निवडलेल्यांची शेवटची शर्यत. पहिल्या दिवशी पिशवी पाहून हिराजीचे मित्र खो खो हसले. "शर्यतीला निघालास की बाजाराला?"

हिराजी ओशाळला. हलकी गाडी जास्त पळते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि पिशवी सोडून गुपचूप एका होडीआड टाकली.

शिट्टी झाली. पुढची चाकं उंच गेली आणि लोकांनी एकच कल्ला केला. हिराजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रेस सोडायची ती त्यानं आणखीच दिली. गाडी मागं उलथता उलथता वाचली. कसाबसा शेवटचा म्हणून तो दुसऱ्या दिवसाच्या शर्यतीत शिरला, पण लोकांनी खांद्यावर घेतलं ते त्यालाच.

हे सगळं बायला सांगायला तो खाडीवर धावत गेला. तुळसा पाण्यात उभी होती. तिनं फेकलेलं जाळं नीट उघडलंच नाही, वरच्या वर तरंगत राहिलं. तिनं ते ओढलं आणि पुन्हा फेकलं. टोपलीत एकही मासा नव्हता.

"बाय, जाळ्याचं शिसं कुठं गेलं?"

"कुठं म्हणजे? तुझ्या गाडीला बांधलंय ना!" तुळसा हसली. "मला दोन दिवस मासा नाही मिळाला तरी चालेल रे. तू उलथलास तर मी काय करू?"

हिराजीचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं मान खाली घालून पिशवी टाकून दिल्याचं सांगितलं. तुळसा रागावली नाही.

"मग उभा काय राहिलास? भरती चढतेय. जा, शोधून आण."

होडीभोवती गुडघाभर पाणी झालं होतं. हिराजीनं आत हात घालून चाचपलं. पिशवी होती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती सगळ्यांदेखत बांधली. मित्र हसले, त्यानं हसू दिलं. शिट्टी झाली तशी छाती हँडलवर टेकवून तो पुढं वाकला आणि रेस बेताबेतानं वाढवत गेला. पुढची चाकं वाळू सोडेनात. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. सगळे शेजारच्या गाडीची हवेतली चाकं बघून ओरडत होते. हिराजी शर्यत संपायच्या बावट्याशी सगळ्यांआधी पोचला, तेव्हा ती गाडी बरीच मागं होती.

मग मात्र लोक त्याच्याकडे धावले. "हिराजी, आता तरी एकदा चाकं उचलून दाखव!"

त्यानं नुसती मान हलवली. गाडी सावकाश चालवत तो वाळूवर बसलेल्या बहिणीपाशी गेला. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"बाय, डोळे उघड."

"जिंकलास की हरलास ते मागनं सांग. चाकं खाली होती ना?"

"होती गं बाय. खालीच होती."

तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. आणि एवढी शर्यत जिंकलेला हिराजी तिच्या सुजलेल्या गुडघ्यांवर डोकं टेकून पोरासारखा रडला.

तात्पर्य: लोकांच्या टाळ्यांनी चाकं वर जातात. पुढं जायचं असेल, तर मायेच्या माणसानं बांधलेलं ओझं आनंदानं वाहावं.